दसऱ्यानंतरची शून्यं

१

ज्ञानू गेला त्या पंपावर आमच्या दबोराचा शिक्का होता.

शिक्का म्हणजे करंगळीच्या नखाएवढा सातचा आकडा, धातूवर ठोकून उठवलेला. त्याचा अर्थ एवढाच, की हा तुकडा मी तपासला आणि हा पास आहे. शिरूरच्या पलीकडं घोडनदीच्या काठावर एका लिंबाच्या बागेत तो पंप बसवायचा होता. दौंडच्या कारखान्यातला फिटर ज्ञानू गुरुवारी येस्टीनं तिकडं गेला. इंजिन सुरू झालं, दाब चढला आणि पंपाचं झाकण उखडून त्याच्या छातीवर आलं. बागवाल्यानं पाण्याचा तांब्या आणेपर्यंत सगळं संपलं होतं. सव्वीस वर्षांचा मुलगा. म्हाताऱ्या बापाचा एकुलता एक.

शनिवारी सकाळी केडगावच्या मिशनमध्ये मी मुलींना काज करायला शिकवत होते, तेव्हा दबोराची चिठ्ठी आली. ‘बाई, या. माझ्यामुळं माणूस मेला असं सगळे म्हणतात. मी प्रत्येक भोक तपासलं होतं. मला काहीच कळत नाही.’

हातातली सुई तशीच कापडात राहिली. दबोराला मिशनमध्ये आणली तेव्हा ती चार वर्षांची होती. कुणाच्या ताटातला घास मोठा आणि कुणाच्या लहान, हे ती बोटानं मोजून सांगायची. असल्या मुलीनं न बघता शिक्का मारला, हे मला पटेना. पण न पटणं हा काही पुरावा नव्हे. मी छत्री घेतली आणि दुपारची गाडी पकडली.

२

दौंडला चर्चमागच्या खोलीत दबोरा खाटेच्या कडेला बसली होती. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवलेले, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

“जेवलीस?”

“नाही.”

“कधीपासून?”

तिनं हिशेब करून बघितला आणि तिला तो लागला नाही. मी स्टोव्ह पेटवला, पिठलं टाकलं. उपाशी माणसाकडून खरं काढता येतं, पण नीट काढता येत नाही.

दोन घास पोटात गेल्यावर म्हटलं, “आता मला समजेल असं सांग. तू करतेस काय तिथं?”

“बाई, पंपाचं अंग अॅल्युमिनियमचं. अॅल्युमिनियम मऊ. त्यात नुसते आटे पाडून बोल्ट पिळला तर आटे ओरबाडून निघतात. म्हणून भोक जरा मोठं पाडायचं, त्यात पोलादी तारेचं वेटोळं बसवायचं. स्प्रिंगसारखं असतं. त्याला इन्सर्ट म्हणतात. बोल्ट त्या वेटोळ्यात बसतो.”

“म्हणजे काजाला आतून दोरा भरून घट्ट करतो तसं.”

“तसंच. पण वेटोळं टिकायचं तर भोक बरोब्बर मापाचं पाहिजे. लहान झालं तर वेटोळं जात नाही. मोठं झालं तर जातं, पण धरत नाही. दाब आला की बोल्टासकट बाहेर.”

“आणि मोठं झालं हे तुला कसं कळतं? डोळ्यांनी?”

“डोळ्यांना नाही कळत. केसाएवढा फरक असतो. त्याला गेज असतं.” तिनं ताटातली हिरवी मिरची आडवी धरली. “मधे दांडा, दोन्ही टोकांना आटे. एक टोक ‘गो’, त्याच्या दांड्यावर हिरवी रेघ. ते भोकात पूर्ण गेलंच पाहिजे. दुसरं ‘नो-गो’, त्याला लाल रेघ. ते जाता कामा नये.”

“अजिबात?”

“एखाद-दुसरा आटा धरतं. तीन आट्यांपर्यंत चालतं, तेवढी सूट आहे. चौथा आटा आत गेला की भोक मोठं, तुकडा बाद. किती आटे गेलं ते मी दर भोकाला वहीत लिहिते.”

माझ्या मनात लगेच शर्ट आला. बटण गेलं पाहिजे आणि त्याच्यापेक्षा मोठं बटण अडलं पाहिजे. माणसाला एवढा साधा नियम पाळायला लावलं असतं तर निम्मी भांडणं झाली नसती.

“मग वहीत काय आहे त्या पंपाचं?”

दबोरानं मिरची ताटात ठेवली. “शून्य. चारही भोकांना शून्य. नो-गो आत शिरतच नव्हतं, बाई. मला आनंद झाला होता. दसऱ्यानंतर भोकं फार चांगली पडायला लागली, असं वाटलं.”

“दसऱ्यानंतर?”

“खंडेनवमीला सगळी हत्यारं पूजेला मांडतात. भिमाजीमामा माझ्याकडंही आले. म्हणाले, ‘पोरी, तू येसूची, पर तुझं गेज आमच्यातलंच हाय. दे पूजेला.’ मी दिलं. नंतर त्याला थोडं कुंकू राहिलं होतं. आट्यांच्या फटीत. मी नख लावून काढलं नाही. त्यांना वाईट वाटलं असतं.”

“भिमाजीमामा कोण?”

ती माझ्याकडं बघत राहिली. “कारखान्यातले रंगारी. ज्ञानूचे वडील.”

३

कारखाना रेल्वेलाइनीच्या पलीकडं, लांबट पत्र्याच्या शेडमध्ये होता. मालक पुण्याला असत. इथं राज्य फोरमन पोपटरावांचं. तगडा गडी, पण दोन दिवसांत गळ्याभोवतीची कातडी सैल पडल्यासारखा दिसत होता.

“बाई, तुम्ही कापडं शिवा,” ते म्हणाले. “ह्यात पडू नका. सोमवारी फौजदार येनार. मी लिवून ठिवलंय, तपासनी करनारीनं न तपासता शिक्का मारला. मला तरी हौस हाय का? ज्ञानूला मी कामाला लावलावता.”

“मग ते लिहायच्या आधी मला वही दाखवा. मीच तिला लिहायला शिकवलं. अक्षर तरी बघू दे.”

त्यांनी वही टेबलावर आपटली. “बगा! दसऱ्याआधी बगा. एक, दीड, दोन, एक, पाच, बाद. शंभरात तीन-चार तुकडं बाद हुयाचंच. आन् दसऱ्यानंतर? शून्य, शून्य, शून्य! अकरा दिवस एकबी तुकडा बाद न्हाई. आसं कुठं आसतं व्हय? पोरगी खुर्चीत बसून शून्यं काढत हुती!”

मी पानं उलटत गेले. शून्यांच्या रांगा, मुंग्यांच्या अंड्यांसारख्या. अगदी शेवटच्या दिवशी, ज्ञानू गेला त्या दिवशी, एका जागी ‘अर्धा’ लिहिलेलं होतं. मी त्यावर बोट ठेवलं आणि पुढं गेले.

“गेज चुकीचं असेल.”

“तेच तर!” पोपटरावांनी मूठ आपटली. “कालच रेल्वेच्या वर्कशॉपातनं तपासून आनलं. येकदम बरोबर. गेज खोटं न्हाई, म्हंजी खोटं कोन?”

त्यांनी हाक मारली आणि स्टोअरकीपर विल्यम गेजची पेटी घेऊन आले. पन्नाशीचे, शांत, रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसणारे. कारखान्याच्या मशीनचे चामडी पट्टे तुटले की तेच शिवत. पेटी माझ्यापुढं ठेवताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

“मिस्टर विल्यम, पंपाचं काही सापडलं का?”

“झाकण आणलं, बाई. चार स्टड असतात, म्हणजे बिनडोक्याचे बोल्ट. तीन मिळाले. चौथा बागेत कुठं उडाला देव जाणे. भिमाजी आणि मी दोघं गेलो होतो. त्याला... घेऊन यायला.”

मी पेटी उघडली. आत गेज, तेल लावलेलं, सुईसारखं लख्ख. आटे इतके स्वच्छ की नुकतेच जन्मलेत असं वाटावं. पेटीतून एक गोडसर वास आला, पिकल्या केळ्यांसारखा.

आणि मग मला अस्तर दिसलं.

दोन वर्षांपूर्वी दबोराला नोकरी लागली तेव्हा या पेटीला हिरव्या बनातीचं, म्हणजे जाड लोकरी कापडाचं, अस्तर मी लावलं होतं. उलटी टीप, बारीक, डावीकडं झुकलेली. माझा डावा डोळा कमजोर आहे, म्हणून माझी टीप नेहमी झुकते. मुली त्यावरून मला हसतात. आताचं अस्तर हिरवंच होतं, बनातीचंच होतं. पण टीप सरळ, जाड, मेण लावलेल्या दोऱ्याची. वरून जशी, खालूनही तशीच. दोन सुया समोरासमोरून घातल्याशिवाय अशी शिवण येत नाही.

मी पेटी बंद केली. शाळेत मी चौथीच्या पुढं गेले नाही, जे शिकले ते उसवून शिकले. आणि उसवताना पहिला नियम असा, की कुठला टाका आधी कापायचा हे ठरल्याशिवाय कात्री लावायची नाही.

४

“पोपटराव, दसऱ्यानंतर तपासलेले तुकडे शिल्लक आहेत का?”

“बारा हायेत. शिक्का मारलेलं, इन्सर्ट अजून बसवायचीत.”

“मग आत्ता माझ्यासमोर तपासा. याच गेजनं.”

त्यांना ते आवडलं. त्यांना वाटलं, बाई स्वतःच्या हातानं फास आवळतेय. एकेका भोकात नो-गो फिरवायला लागले, मी वहीशी ताडत गेले. वहीत शून्य, भोकात दीड. वहीत शून्य, भोकात दोन. सातव्या तुकड्याच्या तिसऱ्या भोकात गेज फिरतच गेलं. तीन, चार, पाच.

दाराशी उभी असलेली दबोरा भिंतीला टेकली.

“बगा,” पोपटराव हळूच म्हणाले. त्यांना जिंकल्याचा आनंद झाला नव्हता, हे मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते. “ह्योबी पंप कुनाच्या तरी छातीवर गेला आसता. तिनं बगितलंच न्हाई, बाई.”

“पोपटराव, तुम्ही आयुष्यात कधी खोटी हजेरी लावली?”

“आँ?”

“लावली असेल तर आठवा. खोटं लिहिणारा खऱ्यासारखं लिहितो. तिच्यापुढं आधीची पानं होती. एक, दीड, दोन. खुर्चीत बसून लिहायचं तर तिनंही एक, दीड, दोन लिहिलं असतं. चांगल्या भोकातसुद्धा नो-गो आटाभर जातं हे तिला तुमच्याइतकंच ठाऊक. तरी तिनं अकरा दिवस शून्य लिहिलं. जे कुणालाही पटणार नाही ते माणूस केव्हा लिहितं? खरंच तसं दिसलं तर.”

“पर गेज बरोबर हाय!”

“आज बरोबर आहे.”

मी केसातली पिन काढली आणि त्या मोठ्या भोकाच्या तोंडाशी, पहिल्या आट्याच्या खाचेत फिरवली. पिनेच्या टोकावर काहीतरी आलं. मी ते दबोराच्या वहीच्या कोऱ्या पानावर झटकलं.

डाळिंबाच्या दाण्याचा चुरा असावा तसा एक लाल कण.

दुसऱ्या भोकातूनही निघाला. तिसऱ्यातूनही. बारा तुकड्यांतल्या अठ्ठेचाळीस भोकांपैकी एकतीस भोकांच्या तोंडाशी लाल कण होते.

“अॅल्युमिनियमला लाल रंग नसतो,” मी म्हटलं. “हा लाल बाहेरून आला. भोकात आत्तापर्यंत फक्त दोन गोष्टी गेल्या. आटे पाडणारा टॅप आणि दबोराचं गेज. टॅप तेलात बुडालेला असतो आणि तो तळापर्यंत जातो. लाल फक्त तोंडाशी आहे, जिथं नो-गो येऊन अडतं. मुलीनं प्रत्येक भोकात गेज घातलं होतं, पोपटराव. गेजच लाल होतं. आट्यांवर काहीतरी चढलं होतं, केसाएवढं. तेवढ्यानं ते जाड झालं आणि अडायला लागलं. शेवटच्या दिवशी त्यातलं थोडं झडलं, म्हणून एका जागी अर्धा आटा गेला. ज्याचं काम नाही म्हणायचं, ते नाहीच म्हणत होतं. कुणाला शंका यावी?”

पोपटराव खाली बसले.

मग एकदम म्हणाले, “कुंकू! खंडेनवमीचं कुंकू! म्हंजी आमच्या पूजेनं...” आणि पुढं बोलले नाहीत. कारण पूजा कुणी मांडली होती, ते तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

५

मला मात्र कुंकवाचं जमेना.

“दबोरा, गेज रोज धुतेस?”

“रोज संध्याकाळी. रॉकेलमध्ये बुडवून, मग तेल.”

मी वाण्याकडून कुंकवाची पुडी आणवली. एका बशीत कुंकू तेलात कालवून वाळवलं, दुसरीत भोकातला कण ठेवला, दोन्हींवर रॉकेल ओतलं. कुंकवाची बशी घटकेत गुलाबी झाली. कण होता तसा राहिला, टणक, चकचकीत.

कुंकू असतं तर पहिल्याच संध्याकाळी धुतलं गेलं असतं. हे रॉकेलला भीक घालत नव्हतं.

मी नाकाच्या मागं गेले. त्या केळ्याच्या वासाच्या. शेडच्या टोकाला रंगाची खोली होती. भिमाजी सुतकात, म्हणून खोली बंद. विल्यमनी जुडग्यातून किल्ली काढून दिली.

आत रंगाचे डबे नीट मांडलेले. दसऱ्याआधी इथल्या सगळ्या मशीन रंगवतात, अंगाला हिरवा आणि धोक्याच्या दांड्यांना लाल. मी एक बाटली उघडली. पिकली केळी. बाटलीवर नाव होतं, थिनर. वाळलेला तेलरंग काढायचं औषध. लाल डब्याच्या झाकणावरचा पोपडा मी नखानं सोलला आणि बशीतल्या कणाशेजारी ठेवला. भावंडं.

मी मागं वळले. विल्यम दारात उभे होते.

“आत या, मिस्टर विल्यम. आणि मला सांगा, माझ्या हिरव्या बनातीचं काय केलंत?”

त्यांनी नाकारायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. खोक्यावर बसले आणि दोन्ही हातांत तोंड लपवलं.

“भट्टीत टाकली.”

“लाल डाग पडला होता म्हणून. थिनरनं रंग विरघळला आणि बनातीवर उतरला. मग तुम्ही नवं अस्तर लावलंत, पट्टा शिवता तसं, दोन सुयांनी. केव्हा?”

“शुक्रवारी पहाटे. ज्ञानूला आणल्यावर. बाई, मी सहज पेटी उघडली होती, हो. डोक्यात आलं, एवढं बघून पास केलेल्या पंपाचं झाकण उडालं कसं? गेज उजेडात धरलं, तर आट्यांच्या फटीत लाल रंग. दांड्यावरची लाल रेघ दसऱ्याआधी पुसट झाली होती. भिमाजीनं सगळी मशीन रंगवली, तशी हौसेनं तीही रंगवली असणार. डोळ्यांत मोतीबिंदू. रेघ कुठं संपते आणि आटे कुठं सुरू होतात, हे त्याला दिसलं नाही. वरवर चिंधीनं पुसलं असेल, पण फटीत राहिलं. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर कुंकू पडलं. लालावर लाल.”

बाहेर मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत होते.

“तुम्ही दबोराचं नाव पुढं जाऊ दिलंत,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. “रविवारी तिच्या मागच्या बाकावर बसता तुम्ही.”

“मी विचार केला, बाई. ती तरुण आहे. तिची नोकरी जाईल, दुसरी लागेल. भिमाजीला दुसरा मुलगा कुठून आणायचा? वीस वर्षं मी आणि तो एका डब्यात जेवतोय. त्याला कसं सांगू, की ज्ञानूला तुझ्या ब्रशनं मारलं?” त्यांनी मान वर केली. “फौजदार येणार, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर तोंड उघडेना. तुम्ही सांगाल त्याला? सांगा, तुम्ही सांगाल?”

रहस्य सुटलं की डोक्यावरचं ओझं उतरतं, असं मी ऐकून होते. माझ्या डोक्यावर नवं चढलं. एका बाजूला मी हातानं जेवू घातलेली मुलगी. दुसऱ्या बाजूला एक म्हातारा, ज्याच्याकडं आता मुलाच्या आठवणीखेरीज काही नव्हतं, आणि मी तीही नासवायला निघाले होते.

६

रविवारची रात्र मी आणि दबोरानं जागून काढली. तिला मी सगळं सांगितलं होतं. पहाटे ती म्हणाली, “बाई, मामांना सांगू नका. मी सही करते.”

“गप्प बैस. खोटं शिवलेलं उसवतंच. आज नाही तर धुतल्यावर.”

सोमवारी अकराला फौजदार आले. टेबलावर वही, पेटी, माझ्या दोन बश्या. पोपटराव घाम पुसत होते, विल्यम भिंतीकडं तोंड करून उभे. मी बोलायला सुरुवात केली. एकतीस लाल कण, रॉकेल, थिनर, बदललेलं अस्तर. विल्यमनी अस्तर बदलल्याचं मान्य केलं. फौजदारांनी पेन उचललं.

“म्हणजे गेजवर रंग होता. ठीक. लावला कुणी?”

मी बशीतला लाल कण बोटानं उगाच सरकवला.

“म्या लावला, सायेब.”

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. उंबऱ्याबाहेर भिमाजी उभे होते. अनवाणी, धोतर मळलेलं, डोळ्यांवर पांढरट पडदा.

“सुतक हाय,” ते म्हणाले. “आत येत न्हाई. हितनंच सांगतो.”

“भिमाजी!” विल्यम ओरडले. “तू घरी जा!”

“विल्यम, तू गप. लई गप राह्यलास, आता आनखी जरा ऱ्हा.” म्हाताऱ्यानं बंडीच्या खिशात हात घातला आणि काहीतरी उंबऱ्यावर ठेवलं. खण् असा बारीक आवाज झाला.

चौथा स्टड.

त्याच्याभोवती तारेचं वेटोळं तसंच गुंडाळलेलं होतं, भोकातून अख्खं उपटून आलेलं. मी वाकून उचललं. वेटोळ्याच्या पाठीवर एक लाल कण चिकटला होता.

“ज्ञानूच्या हाताजवळ पडलावता,” भिमाजी म्हणाले. “डोळ्याला दिसत न्हाई मला, पर जवळ धरलं की रंग वळखतो. बाजारच्या लालमंदी मी चिमूटभर पिवडी, पिवळी माती, घालतो. दौंडात दुसरं कोन घालत न्हाई. म्या वळखला. तितंच वळखला, बागंत.”

“तुम्हाला गुरुवारपासून ठाऊक होतं?” मी विचारलं.

“व्हय. वाट बगत व्हतो, कोन तरी येऊन इचारंल. येत्यात, रडत्यात, पानी देत्यात. इचारत कुनीच न्हाई. रंगाऱ्याला कोन इचारतं, बाई? आन् आज सकाळच्या पारी शेजारची सरूबाई म्हनली, त्या मिशनच्या पोरीला धरून नेनारेत. तवा उठलो.” ते फौजदारांकडं वळले, आवाजाच्या अंदाजानं. “लिवा सायेब. अंगठा देतो.”

फौजदारांनी पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं आणि बराच वेळ लिहीत राहिले. शेवटी त्यांनी वाचून दाखवलं, त्यात अपघात असा शब्द होता आणि कुणावर गुन्हा नव्हता. भिमाजींनी अंगठा उठवला. शाईचा रंग कोणता, हे त्यांनी आधी विचारून घेतलं. निळा, असं ऐकल्यावरच बोट पुढं केलं.

सगळे पांगले, पण म्हातारा उंबऱ्याबाहेरून हलेना.

“पोरी, हायेस का?”

“आहे, मामा.”

“तुला लाल दिसलं न्हवतं?”

दबोरा खोटं बोलली असती तर मी माफ केलं असतं, आणि देवानंही केलं असतं.

“दिसलं होतं,” ती म्हणाली. “मला कुंकू वाटलं. तुम्ही लावलेलं. म्हणून पुसलं नाही.”

भिमाजींचा चेहरा असा झाला, की मी नजर फिरवली. विल्यम एकदम पुढं झाले, पण म्हाताऱ्यानं हात वर करून त्यांना थांबवलं.

“पुसायचं,” ते हळू म्हणाले. “देवाचं आसलं तरी पुसायचं, पोरी. माजं आसलं तरी.”

मग त्यांनी उंबऱ्याबाहेर जमिनीवर फतकल मारली. “ते बारा तुकडं ऱ्हायलं न्हवं तपासायचं? तपास. मी बसतो.”

दबोरानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तिनं गेज पेटीतून काढलं, खिडकीच्या उजेडात धरलं, स्वच्छ फडक्यानं दोन्ही टोकं पुसली, मग पुन्हा पुसली. पहिला तुकडा पुढं ओढला.

“किती?” दाराबाहेरून आवाज आला.

“दीड.”

“हं.”

“दोन. एक. दीड.”

दर आकड्याला म्हातारा मान हलवायचा. विल्यमही जाऊन त्यांच्या शेजारी मातीत बसले. सुतक होतं, तरी भिमाजी सरकले नाहीत. सातव्या तुकड्याच्या तिसऱ्या भोकाशी दबोराचा हात फिरत गेला, फिरत गेला आणि थांबला.

“किती?”

“पाच, मामा.”

या वेळी म्हाताऱ्यानं मान हलवली नाही.

“बाद कर,” भिमाजी म्हणाले.